राज्याचे अधिकार मतदाराचे आहेत, सरकारचे नव्हेत

राज्यपालांनी विधेयके किती काळ अडवून ठेवावीत, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी आपले मत दिले. त्यानंतर आपल्याकडे जी चर्चा झाली ती ऐकून मन उद्विग्न होते. एका बाजूचे म्हणणे असे की तामिळनाडू, केरळ किंवा पंजाबमधील भांडणे ही विरोधी पक्षांच्या सरकारांची भांडणे आहेत. दिल्लीत आणि मुंबईत एकाच आघाडीची सत्ता असलेल्या महाराष्ट्राला त्यांच्याशी काय देणेघेणे? दुसऱ्या बाजूला केंद्राने केलेला प्रत्येक कायदा हा राज्यांवरचा हल्लाच वाटतो, आणि त्या कायद्यात प्रत्यक्षात काय लिहिले आहे हे वाचण्याची गरज कोणाला भासत नाही. मेट्रोपासून विमानतळापर्यंत मोठमोठी कामे एकाच वेळी चालू असलेल्या ठाण्यात आणि नवी मुंबईत पहिला युक्तिवाद अधिक लोकप्रिय आहे. दोन्ही सरकारे एका विचाराची असली की कामे होतात, हे इथे सहज मान्य होते. मला दोन्ही युक्तिवाद सारखेच चुकीचे वाटतात, कारण कायदा करण्याचा राज्याचा अधिकार ही त्या वेळी सत्तेवर असलेल्या पक्षाची मालमत्ता आहे, असे दोघेही गृहीत धरतात. माझे म्हणणे असे की तो अधिकार राज्यातल्या मतदाराचा आहे आणि विधिमंडळ तो त्याच्या वतीने वापरते. म्हणून दोन सरकारांचे सूत जुळले की संघराज्याचा प्रश्न मिटतो, हे खरे नाही. कित्येकदा सूत जुळलेले असतानाच नागरिकाचे नुकसान होते, कारण त्या वेळी प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही.

संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा स्पष्ट केला होता. केंद्र आणि राज्ये यांच्यातील अधिकारांची वाटणी केंद्राच्या एखाद्या कायद्याने झालेली नाही, ती खुद्द संविधानानेच केली आहे, आणि आपल्या अधिकारांसाठी राज्ये केंद्रावर अवलंबून नाहीत, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. याच आंबेडकरांना प्रबळ केंद्र हवे होते, हेही तितकेच खरे आहे. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या आणि संस्थानांचे विलीनीकरण नुकतेच झाले होते. त्यामुळे केंद्रसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येईल अशा समवर्ती सूचीत ४७ विषय अशी मूळ वाटणी झाली, आणि समवर्ती विषयांत विरोध आल्यास केंद्राचा कायदा वरचढ ठरेल असे अनुच्छेद २५४ ने सांगितले. म्हणजे केंद्राकडे झुकते माप आहे, हे मान्य करूनच चर्चा सुरू करायला हवी. परंतु झुकते माप म्हणजे सगळे माप नव्हे. राज्याला दिलेले ६६ विषय हे केंद्राच्या सौजन्यावर सोडलेले विषय नव्हते.

विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा ठाणेकरांच्या थेट घराशी निगडित आहे. घोडबंदर रस्त्यावर किंवा खारघरमध्ये इमारत बांधून पूर्ण होण्याआधीच आयुष्यभराची पुंजी बिल्डरच्या हाती देणाऱ्या कुटुंबाला २०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्याने जे दिले, ते राज्याने पन्नास वर्षांत दिले नव्हते. सदनिकांच्या विक्रीचे नियमन करणारा १९६३ चा महाराष्ट्राचा मोफा कायदा काळाच्या पुढचा होता, पण त्याची अंमलबजावणी इतकी दुबळी होती की इमारती उभ्या राहून दोन पिढ्या गेल्या तरी जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे हस्तांतरण, संस्थांच्या नावे झाले नाही. २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने टाळाटाळ केली तरी जमीन संस्थेच्या नावे करण्याची, तरतूद करावी लागली आणि तिचा लाभ घेण्यासाठी आजही सोसायट्यांचे पदाधिकारी उपनिबंधकांच्या कार्यालयात खेटे घालत आहेत. केंद्राचा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला, महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे प्रकल्पांची नोंदणी सुरू झाली, आणि ग्राहकाला किमान विचारणा करण्याचे ठिकाण मिळाले. हे सगळे खरे असताना ‘राज्याचा अधिकार गेला’ म्हणून त्या ग्राहकाने अश्रू का ढाळावेत?

मूळ कायदा चांगला आहे, हे मी निःसंकोच मान्य करतो. मात्र त्याच कायद्याचे कलम ९२ वाचून पाहावे. त्या एका ओळीच्या कलमाने महाराष्ट्राचा २०१२ चा गृहनिर्माण नियमन कायदा नाव घेऊन रद्द केला. तो कायदा विधिमंडळाने संमत केला होता आणि राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये त्याला संमती दिली होती. ग्राहक संघटनांना तो पुरेसा कडक वाटत नव्हता आणि त्यांची तक्रार रास्त होती. प्रश्न असा की केंद्राचा कायदा किमान मर्यादा ठरवून ‘याहून कडक नियम राज्याला करता येतील’ असे म्हणू शकला नसता का? पश्चिम बंगालने २०१७ मध्ये स्वतःचा स्वतंत्र कायदा केला, आणि मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो केंद्राच्या कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला. कायद्याच्या भाषेत तो निकाल बरोबर असेल, परंतु त्याचा व्यावहारिक अर्थ असा की या क्षेत्रात एखाद्या राज्याला उद्या नवे काही सुचले तर त्याला स्वतःच्या पायावर उभा कायदा करण्यास फारशी जागा उरलेली नाही.

आणि राज्यांना नवे सुचते, याचा महाराष्ट्राइतका ठोस पुरावा दुसरा कोणता? १९७२ च्या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या कल्पनेने रोजगार हमी योजना आकाराला आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि नोकरदार व व्यावसायिकांकडून वसूल होणाऱ्या व्यवसाय कराच्या पैशातून ग्रामीण मजुराला काम मागण्याचा हक्क मिळाला. देशाला तसा कायदा करायला २००५ साल उजाडले. माहिती अधिकाराचा महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. माथाडी कामगारांसाठीचा १९६९ चा कायदा तर असंघटित कष्टकऱ्याला मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि उपचार मिळवून देणारा होता. वाशीच्या बाजार आवारात त्याचे मोल आजही दिसते. या तिन्ही कायद्यांची कल्पना दिल्लीहून आली नाही. दुष्काळ, आंदोलन किंवा गोदीतल्या पाठीवरच्या ओझ्यातून ती आली आणि जवळच्या विधिमंडळाने ती ऐकली. एखादा प्रयोग फसला तर तो एका राज्यापुरता फसतो, यशस्वी झाला तर इतरांना घेता येतो. सारे कायदे एकाच ठिकाणी करायचे ठरवले तर ही सोय संपते.

वाशीचाच आणखी एक दाखला या वादात फारसा कोणी देत नाही. फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०१६ मध्ये घेतला. व्यापारी आणि माथाडी यांनी त्याला जोरदार विरोध केला, बाजार बंद राहिले, वाटाघाटी झाल्या, आणि निर्णय टिकला. केंद्राने जून २०२० मध्ये त्याच दिशेचा, पण कितीतरी व्यापक बदल अध्यादेशाने आणला. सप्टेंबरमध्ये राज्यसभेत गोंधळात आवाजी मतदानाने विधेयके संमत करून घेण्यात आली. शेती आणि बाजार हे राज्यसूचीतील विषय असताना अन्नधान्याच्या व्यापाराबाबतच्या समवर्ती नोंदीचा आधार घेण्यात आला, आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये ते तिन्ही कृषी कायदे मागे घ्यावे लागले. पंजाबची स्थिती वेगळी आहे, तिथला शेतकरी हमीभावाच्या सरकारी खरेदीवर अवलंबून आहे, असे कोणी म्हणेल. नेमके हेच मी म्हणतो आहे. पंजाबची मंडी आणि वाशीचा बाजार वेगळे आहेत म्हणूनच संविधानाने बाजार हा विषय राज्याकडे ठेवला होता. सुधारणा चांगली की वाईट याबद्दल मतभेद असू द्या, पण जिच्यावर विधानसभेत चर्चा झाली ती तगली आणि जिच्यावर कोणाचेच ऐकून घेतले गेले नाही ती कोसळली.

आता ‘दोन्हीकडे एकच सत्ता’ या युक्तिवादाकडे वळू. महिलांवरील अत्याचारांसंबंधीचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेने एकमताने संमत केले. त्या वेळी सत्तेत महाविकास आघाडी होती आणि विरोधात भाजप, म्हणजे सभागृहातील झाडून सगळे पक्ष त्याच्या बाजूने होते. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत असल्याने विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले. जून २०२२ मध्ये राज्यात सत्तांतर होऊन केंद्राशी जुळणारे सरकार आले, तरीही संमती मिळाली नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ज्या दंड संहितेत दुरुस्ती करायची होती तीच इतिहासजमा झाली. त्या विधेयकातील फाशीची तरतूद आणि तपासाला दिलेली ३० दिवसांची मुदत मला स्वतःला पटलेली नव्हती. घाईचा तपास न्यायालयात टिकत नाही. केंद्राच्या हरकती गुणवत्तेवर योग्य असू शकतात. परंतु २८८ सदस्यांच्या सभागृहाने एकमताने जे मागितले, त्याचे उत्तर कारणांसह, ठरावीक काळात आणि त्याच सभागृहाला मिळायला नको होते का? सत्ता कोणाची, हा प्रश्न इथे पूर्णपणे गैरलागू ठरला.

घटनापीठाने नोव्हेंबरमध्ये जे सांगितले ते याच संदर्भात वाचायला हवे. तामिळनाडूच्या खटल्यात दोन न्यायाधीशांनी ८ एप्रिल २०२५ रोजी दहा विधेयकांना संमती मिळाल्याचे मानले आणि राज्यपाल व राष्ट्रपती यांच्यासाठी कालमर्यादा आखून दिल्या. राष्ट्रपतींनी विचारलेल्या १४ प्रश्नांना उत्तर देताना घटनापीठाने न्यायालयाला अशी मुदत ठरवता येणार नाही आणि ‘मानीव संमती’ संविधानाला मान्य नाही, असे म्हटले. त्याच वेळी राज्यपालांना विधेयक अनिश्चित काळ दाबून ठेवता येणार नाही, आणि दीर्घ, विनाकारण निष्क्रियता असेल तर न्यायालय मर्यादित निर्देश देऊ शकते, हेही स्पष्ट केले. न्यायालयाने संविधानात नसलेली मुदत घुसवू नये, हा घटनापीठाचा विचार मला ग्राह्य वाटतो. पण मग मुदत संसदेने का घालू नये? केंद्र-राज्य संबंधांवरील पुंछी आयोगाने २०१० मध्येच सहा महिन्यांची मुदत सुचवली होती. त्याच विषयावरील आधीच्या सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात समवर्ती विषयांवर कायदा करण्यापूर्वी राज्यांशी विचारविनिमय व्हावा, असे म्हटले होते. त्यासाठीचे व्यासपीठही संविधानाच्या अनुच्छेद २६३ मध्ये आहे. आंतरराज्य परिषद १९९० मध्ये स्थापन झाली आणि जुलै २०१६ पर्यंतच्या २६ वर्षांत तिच्या अवघ्या अकरा बैठका झाल्या. या काळात दिल्लीत जवळजवळ सर्व प्रमुख पक्ष सत्तेत येऊन गेले.

राज्यांना कमी लेखण्यात कोणताही पक्ष मागे राहिलेला नाही, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. संयुक्त महाराष्ट्रासाठी १०६ हुतात्मे झाले, चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले, तेव्हा दिल्लीत आणि मुंबईत एकाच पक्षाचे सरकार होते. केरळच्या पहिल्या कम्युनिस्ट सरकारचे शिक्षण विधेयक राष्ट्रपतींकडे अडले आणि १९५९ मध्ये ते सरकारच बरखास्त झाले. १९७७ मध्ये जनता पक्षाने नऊ राज्यांतील काँग्रेस सरकारे घालवली. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी नऊ राज्यांत तेच केले, आणि त्यात महाराष्ट्राचे शरद पवारांचे पुलोद आघाडी सरकार गेले. आणीबाणीतील ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वने यांसह पाच विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत नेले. आणीबाणी संपली तरी ते परत आले नाहीत. २०११ मध्ये काँग्रेसप्रणीत सरकारने वस्तू व सेवा कराची घटनादुरुस्ती मांडली तेव्हा गुजरातचा विरोध होता, आणि २०१६ मध्ये तीच दुरुस्ती भाजपने अभिमानाने पूर्ण केली. पक्षांच्या भूमिका खुर्चीप्रमाणे बदलत असतील, तर नागरिकाने आपली भूमिका पक्षावर का बेतावी?

जीएसटीचा उल्लेख आलाच आहे, तर त्याचे श्रेयही द्यायला हवे. मुलुंड आणि ऐरोलीच्या जकात नाक्यांवरील ट्रकच्या रांगा १ जुलै २०१७ पासून संपल्या, आणि त्या परत याव्यात असे कोणीही म्हणणार नाही. ठाण्याने तर जकातीनंतर एलबीटीचा, म्हणजे स्थानिक संस्था कराचा, त्रासही सोसला होता. परंतु जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश आहे आणि निर्णयाला तीनचतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे सारी राज्ये एक झाली तरी केंद्राच्या नकारापुढे त्यांचे काही चालत नाही. महाराष्ट्राच्या मताचे वजन सिक्कीमच्या मताइतकेच आहे. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले, तरी व्यवहारात त्या नाकारण्याची हिंमत कोणतेही राज्य करत नाही. जकात वसूल करणारी महापालिका आता राज्याच्या भरपाईकडे पाहते आणि राज्य परिषदेकडे पाहते. शहराच्या नागरिकाने कराबद्दल जाब नेमका कोणाला विचारायचा, हे सांगणे कठीण झाले आहे.

याहून गंभीर बाब भूसंपादनाची. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने जमीनमालकाची संमती आणि सामाजिक परिणामांचे मूल्यमापन या दोन गोष्टी आणल्या. १९८४ मध्ये भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात जासई आणि नवघर परिसरात पाच शेतकऱ्यांचे रक्त सांडले आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क झगडून मिळवावा लागला, त्या नवी मुंबईला या तरतुदींचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राने अध्यादेश काढून या तरतुदी सैल केल्या, देशभर विरोध झाला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये अध्यादेश व्यपगत झाला. पुढे काही राज्यांनी अनुच्छेद २५४(२) चा मार्ग धरला. राज्याने दुरुस्ती करायची, राष्ट्रपतींनी संमती द्यायची, की ती त्या राज्यापुरती केंद्राच्या कायद्यावर वरचढ ठरते. महाराष्ट्राची अशी दुरुस्ती २०१८ ची आहे. केंद्र नागरिकाचे रक्षण करते आणि राज्य ते काढून घेते, असा निष्कर्ष यावरून काढणाऱ्यांचे मला ऐकून घ्यावे लागते, आणि त्यात तथ्यही आहे. पण संसदेतून जे मंजूर होऊ शकले नाही ते राज्याच्या दारातून आत आले, ते दोन्ही सरकारे एकमताची असल्यामुळेच. मनोमीलन हे संरक्षण नसते, हे याहून स्पष्ट कशाने होईल?

सहकाराचे उदाहरण या शहरांतील प्रत्येक सोसायटीला लागू पडते. सहकारी संस्था हा राज्यसूचीतील ३२वा विषय. २०११ च्या ९७व्या घटनादुरुस्तीने संचालकांची संख्या, पाच वर्षांची मुदत, स्वतंत्र निवडणूक यंत्रणा असे नियम थेट संविधानात घातले आणि महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपला १९६० चा कायदा त्याबरहुकूम बदलला. नियम बहुतांशी चांगले होते. वर्षानुवर्षे निवडणूक न घेणाऱ्या समित्यांना त्यांनी चाप लावला. पण निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचे अनुमोदन घेतलेच गेले नव्हते. त्यामुळे जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतर्गत सहकारी संस्थांपुरती ती दुरुस्ती रद्द केली. राज्याच्या स्वतःच्या विषयात हस्तक्षेप होत असताना महाराष्ट्राने, सहकाराच्या या माहेरघराने, आवाज उठवला नाही. आव्हान गुजरातमधून गेले. २०११ मध्येही दिल्लीत आणि मुंबईत एकाच आघाडीची सरकारे होती, हे इथे आठवावे.

याउलट जबाबदार सरकार जवळ असले की काय होते, ते २०२५ च्या जूनमध्ये दिसले. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारे एप्रिल आणि जूनचे शासन निर्णय राज्याचे होते. पालक, शिक्षक, लेखक आणि पक्ष रस्त्यावर उतरण्याच्या तयारीत असताना २९ जून रोजी ते रद्द झाले. निर्णय मंत्रालयात झाला होता म्हणून तो इतक्या लवकर फिरवता आला. दिल्लीच्या कायद्याने तो झाला असता तर महाराष्ट्रातील पालकांनी कोणाचे दार ठोठावले असते?

आता राज्यांच्या पदरात माप घालताना माझा हात आखडतो, ते एका कारणाने. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये, आणि दोन्हीकडे निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी. आधी कोविड होता, नंतर ओबीसी आरक्षणाचा खटला होता, ही कारणे खोटी नाहीत. तरीही ७४व्या घटनादुरुस्तीने मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्या असे बजावले असताना ही दोन शहरे वर्षानुवर्षे प्रशासकाने चालवली, अंदाजपत्रके त्यानेच केली आणि करही त्यानेच ठरवले. या काळात राज्यात आलेल्या कोणत्याही सरकारला ती स्थिती असह्य वाटली नाही. केंद्राकडे अधिकार मागणारे राज्य आपल्या शहरांना अधिकार देत नसेल, तर त्याची मागणी मतदारासाठी आहे यावर विश्वास कसा ठेवायचा? राज्याचे अधिकार मतदाराचे असतील तर ते महापालिकेच्या सभागृहापर्यंत पोहोचले पाहिजेत, आणि केंद्राला लावायचा निकष आधी मंत्रालयाला लावला पाहिजे.

म्हणून ठाणे जिल्ह्यातील आमदारांकडे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, माझी मागणी मर्यादित आहे. विधिमंडळाने संमत केलेले कोणते विधेयक राज्यपालांकडे किंवा राष्ट्रपतींकडे कधीपासून आहे, त्यावर कोणत्या हरकती आल्या आणि सरकारने काय उत्तर दिले, याचे निवेदन प्रत्येक अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात सभागृहापुढे ठेवले जावे. समवर्ती विषयावरील केंद्राच्या मसुद्याला राज्याने कळवलेले मतही त्यासोबत असावे, आणि ते कळवण्यापूर्वी सभागृहात चर्चा व्हावी. आज हे मत एखाद्या विभागाचा सचिव पत्राने कळवतो आणि निवडून दिलेल्या सदस्याला त्याचा पत्ता नसतो. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, दिल्लीची परवानगीही लागत नाही. विधिमंडळाच्या कामकाजाच्या नियमांत भर घालावी लागते, आणि ती घालणे पूर्णपणे विधिमंडळाच्याच हातात आहे.